उसात पिल्लू सापडलं तर

ऊसतोडणीचे दिवस आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चारही तालुक्यांत टोळ्या उतरल्या आहेत, कोप्या उभ्या राहिल्या आहेत आणि आता उन्हाळा लागेपर्यंत रोज कुठे ना कुठे उसाचा फड पडत राहील. त्यातल्या एखाद्या फडात कोयता मधेच थांबतो. सरीत, पाचटावर, मांजराएवढी दोन-तीन पिल्लं एकमेकांना बिलगून पडलेली असतात. पहिली हाक बहुतेक बाईचीच असते, कारण पाचट बाजूला सारून मोळ्या बांधणारी तीच. त्या हाकेनंतरचा एक तास कसा जातो, यावर त्या पिल्लांचं पुढचं आयुष्य ठरतं आणि आपल्या वस्तीची झोपही ठरते. आज त्या तासाबद्दल आणि त्यानंतरच्या रात्रीबद्दल बोलू.

बचत गटाच्या कार्यक्रमात बिबट्या कशाला, असं कोणी म्हणेल. आमच्या मीटिंगमध्येही एकीने हेच विचारलं होतं आणि तिचं विचारणं रास्त होतं. गटाचं कर्ज काढून तिने शेळी घेतली होती. शेळी गाभण राहिली आणि एका पहाटे गोठ्याचा कूड फाडून बिबट्याने ती ओढून नेली. शेळी गेली, हप्ता राहिला. पुढे दोन महिन्यांनी गावात पिल्लं सापडली तेव्हा ती म्हणाली, "ज्यानं माझी शेळी खाल्ली त्याची पोरं मी का म्हणून सांभाळू?"

याला उत्तर द्यायचं तर भूतदयेचं प्रवचन कामाचं नाही. आपल्या भागात माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. ज्या घरातलं मूल गेलं त्या घरच्या बाईला पिल्लांबद्दल काही सांगायला आम्ही जात नाही, कोणी जाऊही नये. पण बाकीच्यांनी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. पिल्लं उचलून नेली म्हणून त्यांची आई तिथून निघून जात नाही. ती त्याच रानात, बांधावर, कोप्यांच्या आसपास शोधत फिरते. अशी बिथरलेली मादी वस्तीजवळ असणं आपल्याला परवडणारं नाही. पिल्लं तिची तिला मिळाली की ती ती तोंडात धरून दुसऱ्या रानात जाते. म्हणजे पिल्लू परत देणं हे त्याच्यावर उपकार कमी आणि आपल्या दाराची कडी जास्त.

ते त्या बाईला पटलं की नाही ते पुढे सांगू. आधी तिच्या शेळीचं सांगतो, कारण ते काम गटाने आधी केलं. शेळीचं उरलंसुरलं धड जागेवरून हलवू दिलं नाही, फोटो काढले, त्याच दिवशी वनरक्षकाला कळवलं, पंचनामा करून घेतला आणि पशुवैद्यकाचा दाखला मिळेपर्यंत मागे लागलो. पाळीव जनावर बिबट्याने मारलं तर सरकारी भरपाई मिळते, पण कळवायला उशीर केला, धड पुरून टाकलं, तर हातात काही राहत नाही. भरपाई येईपर्यंत गटाने तिचे हप्ते पुढे ढकलले. ज्या बाईचं नुकसान झालं तिच्यामागे आपण उभ्या राहिलो नाही, तर पिल्लांसाठी तिने उभं राहावं हे कोणत्या तोंडाने सांगणार?

आता ही पिल्लं उसात येतात कुठून? कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. त्यात सावली आहे, ओल आहे, माणसाचं येणं-जाणं कमी आहे, आणि आजूबाजूला कुत्री, डुकरं, कोंबड्या, शेळ्या आहेत. मादीला याहून चांगली बाळंतिणीची खोली कुठे मिळणार? उसात जन्मलेली मादी उसातच वितेही. तिला ऊस हेच रान. पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात, काही दिवसांनी उघडतात. आई त्यांना ठेवून शिकारीला जाते आणि पुष्कळ वेळ परत येत नाही. म्हणून सापडलेलं पिल्लू पोरकंच असेल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा आई जवळच्या उसात असते आणि माणसं हटायची वाट बघत असते.

आपल्या जुन्या माणसांना हे जनावर नवं नव्हतं. डोंगराकडच्या गावांत वाघोबाचं ठाणं असतं, महादेव कोळी आणि ठाकर लोक वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य देतात आणि आमच्या गुराढोरांकडे येऊ नको म्हणून सांगतात. त्यात भीतीही आहे आणि मानही. मधल्या काळात आपल्याकडे दुसराच उपाय झाला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात हल्ले वाढले तेव्हा पिंजरे लावून पुष्कळ बिबटे पकडले आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडले. डॉ. विद्या अत्रेय यांनी याच भागात अभ्यास केला, तेव्हा असं उचलून दुसरीकडे सोडल्याने हल्ले कमी न होता उलट वाढतात असं दिसलं. अनोळखी जागी सोडलेलं जनावर गोंधळतं, भटकतं, माणसाच्या समोर येतं. तेव्हापासून पिल्लं सापडली की जिथली तिथे आईला परत द्यायची, यावर भर आला. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र तुम्ही पाहिलं असेल, निदान धरणाकडे जाताना पाटी पाहिली असेल. ते केंद्र वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवतात. तिथले डॉक्टर आणि वनखात्याची माणसं पिल्लं भेटवण्याचं हे काम वर्षानुवर्षं करत आली आहेत.

तर हाक आली, पुढे काय? तोडणी थांबवायची. निदान त्या सऱ्यांची तरी थांबवायची. पिल्लांना हात लावायचा नाही, मांडीवर घ्यायचं नाही, आणि गाईचं दूध तर मुळीच पाजायचं नाही. आपल्याला वाटतं, लेकरू भुकेलं असेल, दोन घोट पाजू. त्या दुधाने त्याला हगवण लागते आणि पाजताना घोट श्वासात गेला तर तिथेच जीव जातो. फोन १९२६ ला लावायचा. हा वन विभागाचा मदतीचा नंबर आहे. सोबत आपल्या बीटच्या वनरक्षकाचा नंबर प्रत्येक गटाच्या हजेरी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आमच्याकडे तो अध्यक्ष, सचिव आणि पोलीस पाटील या तिघांकडे असतो.

त्यानंतर खरं काम सुरू होतं आणि ते गर्दीचं आहे. अर्ध्या तासात सगळं गाव मोबाईल घेऊन हजर होतं. कोणाला पिल्लासोबत फोटो हवा, कोणाला व्हिडिओ टाकायचा असतो. एकदा एका गावात पिल्लू चार-पाच पोरांच्या हातातून फिरलं, असं आम्ही ऐकलं. वनरक्षक येतो तो बिचारा एकटा, फार तर दोघं. त्याने पिल्लं बघायची की माणसं आवरायची? इथे बायकांचा उपयोग होतो. पुरुष पुरुषाला अडवायला गेला की बाचाबाची होते. चार बाया बांधावर हातात हात घालून उभ्या राहिल्या की कोणी अंगावर येत नाही. "मावशी, लांबून बघू द्या की," एवढंच म्हणतात, आणि मावशीने नाही म्हटलं तर मागे सरतात. आमच्या बाया हे काम फार ठसक्यात करतात. लग्नात पंगत आवरण्याचा अनुभव असतो तो इथे कामी येतो.

वनखात्याचे लोक आले की डॉक्टर पिल्लं तपासतात. नर आहे की मादी, वय साधारण किती, कुठे कोयता लागलाय का, गोचीड आहेत का, अंगात पाणी कमी झालंय का. ठणठणीत असतील तर त्याच संध्याकाळी त्याच जागी परत ठेवायची तयारी होते. पिल्लं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये किंवा खोक्यात ठेवतात. आता नारायणगावचा टोमॅटो बाजार आपल्या दाराशी, त्यामुळे क्रेटला काही तोटा नाही. आमच्या गटाने दोन क्रेट यासाठी बाजूला ठेवले आहेत, स्वच्छ धुऊन, औषधाचा किंवा फिनेलचा वास न लागू देता. क्रेट हलकं झाकलेलं असतं, म्हणजे पिल्लू बाहेर भटकत नाही आणि आईला मात्र सहज काढून नेता येतं. जवळ आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधतात. आणि मग सगळ्यांनी तिथून निघून जायचं असतं.

हे निघून जाणं सगळ्यांत अवघड. ज्या दिवशी आमच्या शिवारात हे झालं त्या संध्याकाळी मोटारी बंद, त्या बाजूचे दिवे बंद, पलीकडच्या मंदिराचा भोंगाही बंद ठेवायला सांगितला. जवळच टोळीच्या अकरा कोप्या होत्या. लहान मुलं, बैल, चुली सगळं उघड्यावर. त्यांना तिथेच ठेवून आपण घरात कड्या लावून बसायचं, हे काही बरोबर नव्हतं. म्हणून त्या रात्रीपुरतं टोळीच्या बायका-मुलांना शाळेच्या खोलीत झोपायला आणलं. मुख्याध्यापकांनी किल्ली दिली, गटाने पिठलं-भाकरी केली. मुकादम आधी कुरकुरला, सकाळची गाडी भरायची आहे म्हणाला. कारखान्याच्या स्लिपबॉयला फोन करून गाडी दोन तास उशिरा लावून घेतली तेव्हा तो गप्प झाला. त्या खोलीत बीडकडची एक बाई रात्रभर जागी होती. तिच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. ती म्हणाली, "आम्हाला कुणी विचारत नाही कोपी कुठं टाकायची ते. जिथं जागा दावतील तिथं टाकायची." पिल्लांच्या निमित्ताने तिच्या बाळाला एक रात्र पक्कं छप्पर मिळालं. तोडणीच्या सगळ्याच रात्री मिळायला हवं, हे वेगळं बोलण्याचं आहे, पण बोलायचं आहे.

आणि ती शेळीवाली? ती आली होती. बांधावर गर्दी आवरायला पहिल्या रांगेत होती. आम्ही काही विचारलं नाही, तीच म्हणाली, "पिल्लं घेऊन जाऊ दे एकदाची. माझ्या गोठ्याला नवा कूड घातलाय, त्याची परीक्षा नको." तिला बिबट्या आवडत नाही, आजही नाही. या कामासाठी तो आवडायलाच हवा अशी अट नाही.

मादी पहिल्या रात्री साडेआठच्या सुमाराला आली. कॅमेऱ्यात दिसतं ते असं: आधी ती क्रेटभोवती फिरते, बसते, उठून जाते. मग परत येऊन एक पिल्लू मानेला धरून नेते. पुष्कळ वेळाने दुसऱ्यासाठी येते. दोन खेपा. ते फोटो वनरक्षकाने दुसऱ्या दिवशी शाळेत दाखवले तेव्हा बाया अगदी चिडीचूप झाल्या होत्या. मग एक म्हातारी म्हणाली, "दुसऱ्याला इतका उशीर का केला गं?" जसं काही ती सूनच होती.

दर वेळी असं होतं असं नाही. कधी मादी पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात. कधी येतच नाही. कधी आई रस्त्यावर गाडीखाली मेलेली असते. मग पिल्लू माणिकडोहला जातं. तिथे त्याला नीट खायला मिळतं, औषधपाणी मिळतं, पण शिकार शिकवायला आई नसते आणि माणसाची भीती मोडलेली असते. असं वाढलेलं बिबट पुढे सहसा सोडता येत नाही. जन्मभर पिंजरा. बिबट्याचं पिल्लू आईबरोबर दीड-दोन वर्षं राहतं, तेवढ्या दिवसांत ते जे शिकतं ते आपल्याला कोणालाच शिकवता येत नाही. त्या पहिल्या तासात पिल्लू उगाच उचललं, गावभर फिरवलं, तर आपण त्याला याच पिंजऱ्याकडे ढकलतो.

आगीचंही सांगायला हवं. २०१९ च्या एप्रिलमध्ये आंबेगाव तालुक्यात उसाच्या शेतातल्या आगीत बिबट्याची पाच पिल्लं जळून मेली. पाचट पेटवण्याआधी सऱ्या-सऱ्यांतून एक फेरी मारायला वेळ लागतो, पण तो द्या. खरं तर पाचट पेटवूच नये, कुजवलं तर जमिनीला खत होतं, हे कृषी सहायक सांगून थकले. तोडणी चारी बाजूंनी आत नेऊ नका. एका बाजूने तोडत न्या, म्हणजे आतल्या जनावराला दुसऱ्या बाजूने निघायला वाट राहते. मधोमध थोडासा ऊस उरला की त्यात जनावर कोंडतं, आणि कोंडलेलं जनावर अंगावर येतं.

उसात सापडलेलं प्रत्येक ठिपक्याचं पिल्लू बिबट्याचंच असतं असंही नाही. वाघाटी म्हणून एक रानमांजर आहे, जगातल्या सगळ्यांत लहान मांजरांपैकी. पूर्ण वाढली तरी घरच्या मांजरापेक्षा लहान. तिची पिल्लं पाहून लोक बिबट्या बिबट्या करून पळतात. साध्या रानमांजराचीही पिल्लं सापडतात. त्यांनाही तोच नियम. फक्त भीती कमी म्हणून ती लोक घरी नेतात, दोरी बांधतात, पोरांना खेळायला देतात. वन्यप्राणी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

पाखरांचं थोडक्यात. घरट्यातून पडलेलं, अंगावर पिसं नसलेलं पिल्लू सापडलं आणि घरटं दिसत असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की पाखरू पिल्लाला टाकतं, ही समजूत खरी नाही. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं. त्याला फक्त मांजरापासून वाचवा. आई वरच्या फांदीवरून ओरडत असतेच. संक्रांतीला मांजात अडकलेला पक्षी मिळाला तर मांजा ओढू नका, कात्रीने कापा, पंखाला गुंडाळलेला भाग तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या सुती साडीचा तुकडा घालून ठेवा, झाकण लावा, अंधारात आणि शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका, दूध-भात भरवू नका. गव्हाणी घुबड विहिरीच्या कपारीत, पडक्या वाड्यात असतं. त्याला अपशकुनी म्हणून मारणारे आहेत आणि दिवाळीत करणीसाठी पकडणारेही आहेत. हेच घुबड रात्रभर आपल्या शेतातले उंदीर खातं. पगार मागत नाही.

ससा गवतात एकटं पिल्लू ठेवून जातो, तेही टाकलेलं नसतं. सापाच्या वाटेला जाऊ नका, सर्पमित्राला बोलवा. विहिरीत बिबट्या पडला तर वरून दगड आणि ओरडा नको. वनखात्याची माणसं बाज किंवा शिडी सोडतात, आणि वरती कोणी नसेल तर तो चढून निघून जातो. माकड, कोल्हा, मुंगूस, कोणीही चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. हळद-चुना लावून घरी बसू नका. यात लाजण्यासारखं काही नाही.

या कामाला पैसे मिळतात का, असं विचारतात. नाही. कौतुकही फार मिळत नाही, घरून बोलणी मात्र मिळतात. रात्री कुठे निघाली म्हणून सासू विचारते. म्हणून आम्ही एकटीने कोणी जायचं नाही असं ठरवलं आहे. चौघी असतील तरच, बॅटरी आणि काठी घेऊन, घरच्या एका माणसाला सांगून. अंधार पडल्यावर फडाकडे कोणीच जायचं नाही, वनखात्याने बोलावलं तरी त्यांच्या गाडीनेच. गरोदर बाईने, अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईने घरून फोनचं काम करायचं. पिल्लाला हात लावायचं काम आपलं नाहीच, ते डॉक्टरांचं. आपल्याकडे फोन, क्रेट, बांध आणि भाकरी.

या आठवड्यात एवढं करा. ज्या गावात टोळी उतरली आहे तिथल्या गटातल्या दोघींनी कोप्यांवर जाऊन यावं. मुकादमाशी नव्हे, बायकांशी बोलावं. त्यांना १९२६ लिहून द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मोबाईलमध्ये भरून द्या. रात्री लेकराला शौचाला एकटं पाठवू नका म्हणून सांगा. कोपीजवळ उजेड आहे का बघा, नसेल तर ग्रामपंचायतीकडे बल्ब मागा. जाताना चहा-साखर घेऊन गेलात तर बोलणं लवकर सुरू होतं.